विंगेतला खोकला

४ ऑक्टोबर, दुपार

टिल्लू,

वर ‘प्रिय’ लिहू की नको, यात दोन कागद फुकट गेले. शेवटी ते गाळलंय. तुला हवं तर मनातल्या मनात घाल. सदुसष्ट वर्षांच्या बाईला टिल्लू म्हणणं शोभत नाही, हे मला कळतं. पण तुझं दुसरं नाव माझ्या तोंडात बसत नाही, आणि पंच्याहत्तरीत मी नवं काही पाठ करणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सांभाळली, तेवढं पुरे झालं.

पत्ता कुठून मिळाला, हे तू पहिलं विचारशील. तुझ्या लेकीकडून मिळाला. लगेच पत्र फाडू नकोस, आधी ऐक. गेल्या महिन्यात माझा चष्मा मोडला, म्हणजे मी त्याच्यावर बसले. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेले, तर तिथे एक पोटुशी बाई. तिने नवी फ्रेम माझ्या कानांवर ठेवली, दोन पावलं मागे सरकून पाहिलं, परत काढली आणि एक काडी गरम करून जराशी वाकवली. म्हणाली, ‘तुमचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे. माझ्या आईचाही अगदी असाच आहे. तिचे चष्मे मीच वाकवून पाठवते.’ मी आईचं नाव विचारलं. तिने सांगितलं, आणि मी खुर्चीतच बसून राहिले. तिला वाटलं, आपला नंबर चुकला.

मी कोण ते सांगायला मला आणखी आठ दिवस आणि त्याच दुकानाच्या तीन फेऱ्या लागल्या. चष्म्याचा स्क्रू सैल झाला, असं प्रत्येक वेळी सांगत होते. स्क्रू मीच नखाने सैल करत होते. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘मावशी, स्क्रूला काही झालेलं नाही.’ तुझ्यासारखीच आहे, समोरच्याला आधी भरपूर बोलू देते.

तिला बत्तिसावा आठवडा पुरा झालाय. नवरा पुलांच्या कामावर असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. बाळ झालं की तू येशील, पण तुझे गुडघे तीन जिने चढू देत नाहीत म्हणे. म्हणून तिने मला विचारलं, ‘तुम्ही याल का रोज दोन तास बाळाला घ्यायला? तेवढ्यात मी झोपेन.’ दोन तास. तिने नेमके तेवढेच कसे मागितले, कुणास ठाऊक. मी हो म्हटलं, घरी आले आणि पलंगावर आडवी पडले.

आणि आज सकाळी मी लस घेऊन आले. श्वासाचा एक विषाणू असतो, आरएसव्ही म्हणतात त्याला. मोठ्या माणसाला नुसती सर्दी होते, पण म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना तो छातीत गाठतो. आमच्या वयाच्या लोकांना त्याची सुई द्यायला लागलेत. केंद्रात रांगेत सगळ्या चंदेरी केसांच्या, एकमेकींचे दंड पाहत बसलेल्या. नर्सबाई मला ‘आजी’ म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, आजी मी अजून झालेले नाही, व्हायच्या तयारीने आलेय.

आता दंड जड झालाय आणि अंग कोमट. मघाशी डोळा लागला तर नाट्यगृहात होते. सगळ्या खुर्च्यांवर पांढरी कापडं घातलेली, प्रेक्षक नाहीत, आणि रंगमंचाच्या मधोमध तू. सात वर्षांची, एक मोजा खाली आलेला. तू वाक्य विसरली होतीस आणि माझ्याकडे, विंगेत पाहत होतीस. माझ्या हातात संहिता, बारीक टॉर्च, सगळं जिथल्या तिथे. मी तोंड उघडलं तर नुसती गरम हवा बाहेर आली. जागी झाले तेव्हा खिडकीचा पडदा हलत होता आणि मला कितीतरी वेळ वाटलं, आता तिसरी घंटा होईल.

चूक झाली असेल तर माफ कर. छत्तीस वर्षांपूर्वी, त्या वेळी, मी दौऱ्यावर होते, ते तुला माहीतच आहे.

तुझी ताई


९ ऑक्टोबर

टिल्लू,

काल तुझ्या लेकीकडे गेले होते. तिसरा मजला. जिना वळतो तिथे रंगीत काच आहे, तिच्यातून पायऱ्यांवर हिरवा उजेड पडतो. त्यात आपलेच पाय पाण्यात बुडाल्यासारखे दिसतात. मी तिथे जरा थांबले. दम लागला होता, पण तसं तिला सांगितलं नाही.

घर छान ठेवलंय. पाळणा आला आहे, अजून पुठ्ठ्यातच आहे. पण टिल्लू, खिडक्या! सगळ्या खिडक्यांच्या फटींना तपकिरी कागदी पट्टी चिकटवलेली. आत हवा अशी की झाकण लावलेल्या बरणीत बसल्यासारखं वाटावं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, ‘आईला वाऱ्याची भीती आहे. रोज फोनवर पहिला प्रश्न तोच, खिडक्या बंद आहेत ना? लहानपणापासून आमच्याकडे अशीच सवय. उन्हाळ्यातसुद्धा.’

मी चहाचा कप खाली ठेवला. छत्तीस वर्षं, टिल्लू? उन्हाळ्यातसुद्धा?

मागच्या पत्रात एक गोष्ट मी गाळली होती. सुई घेतल्यावर मी नर्सबाईंना ऐटीत म्हटलं, ‘आता बाळाला खुशाल घेईन ना मी?’ त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘ही लस तुमच्या छातीसाठी आहे, आजी. तुम्ही दवाखान्यात पडू नये म्हणून. बाळासाठी बाळाच्या आईने घ्यायची, बत्तीस ते छत्तीस आठवड्यांत. तिच्या रक्तातलं संरक्षण बाळाकडे जातं, पहिले काही महिने पुरतं. आणि तुम्हाला शिंक जरी आली तरी बाळापासून लांब राहायचं, लस घेतली असली तरीही.’ मी मान डोलावली. शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते मला चांगलं जमतं.

म्हणून काल लेकीला विचारलं, ‘तू ती सुई घेतलीस का?’ ती म्हणाली, ‘डॉक्टर म्हणत होत्या. पण सर्दीसाठी कशाला? आई म्हणते, या दिवसांत एकही सुई अंगाला लावून घेऊ नको, खिडक्या तेवढ्या सांभाळ.’ मी म्हटलं, ‘तुझ्या आईला आठवत असेल, की...’ आणि थांबले. तिने विचारलं, ‘काय आठवत असेल?’ तिला काही म्हणजे काहीच माहीत नाही. आपण एकुलती एक आहोत, असं ती समजते. मुठ्या तिच्या आधी होऊन गेला, याचं एक अक्षर तिच्या कानावर नाही.

तू सांगितलं नाहीस, ते तुझं तू ठरवलंस. मी त्यात बोलणारी कोण? मी म्हटलं, ‘तुझ्या आईला तुझ्या जन्माचे दिवस आठवत असतील.’ ती हसली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, ‘लाथ मारतोय, बघायचंय?’ मी हात ठेवला. आतून कुणीतरी दार वाजवत होतं.

ही सुई घ्यायला तिला एक नोव्हेंबरपर्यंतच वेळ आहे. छत्तीस आठवडे त्या दिवशी भरतात. तू एक शब्द टाकलास तर ती घेईल. माझ्या शब्दाला वजन नाही, मी मोडक्या चष्म्यातून आलेली मावशी.

ताई


१४ ऑक्टोबर

टिल्लू,

पोस्टमन आला तेव्हा मी जिन्यात उभी होते. त्याने वीज कंपनीचं पत्र दिलं. त्याला वाटलं असेल, या बाईला विजेची फार ओढ आहे.

विंगेत बसणाऱ्याला सगळ्यात कठीण काय असतं, माहितेय? नट गप्प झाला की तो विराम घेतोय की अडलाय, हे ओळखणं. विराम असेल आणि तुम्ही शब्द फेकलात, तर नट तुम्हाला प्रयोगानंतर फाडून खातो. अडला असेल आणि तुम्ही गप्प बसलात, तर त्याचं काळीज तिथेच बंद पडतं. मी तीस वर्षांत फक्त दोनदा चुकले, असं सगळ्यांना सांगत आले. तुझं गप्प बसणं मी विराम समजले. वाटलं, हिला हेच हवंय. तू अडली असशील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. खरं म्हणजे मी ते येऊ दिलं नाही.

तू मला एकच पत्र लिहिलं होतंस. दौऱ्यावर, तिसऱ्या मुक्कामाला, मॅनेजरच्या हातून मिळालं. चार ओळी. ‘ताई, मी खिडकी उघडी ठेवून झोपले होते गं. त्याला वारा लागला. तू आली नाहीस. मला कुणाला तरी विचारायचंय, की माझंच चुकलं का.’ ते पत्र अजून माझ्याकडे आहे. त्याला मी उत्तर दिलं नाही. कंपनीचे प्रयोग लागले होते, हे मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही कुणाच्या तरी तोंडून तेच कळलं असेल, आणि तू ठरवलंस, हिला नाटक प्यारं. बरोबर ना?

नर्सबाईंकडे मी परवा पुन्हा गेले. दंड दुखतो, हे निमित्त. विचारलं, छत्तीस वर्षांपूर्वी सात आठवड्यांच्या बाळाला वाऱ्याने असं होईल का? दूध पिणं थांबेल, बरगड्यांमधलं मांस आत ओढलं जाईल, असं? त्या म्हणाल्या, तेव्हा कुणी तपासत नव्हतं, त्यामुळे आता छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण ऐकून तरी तोच आजार वाटतो. आणि तो वाऱ्याने खिडकीतून येत नाही. माणसाकडून येतो. खोकणाऱ्या माणसाकडून, नाक पुसलेल्या हाताकडून.

तर तुझ्याकडे आले होते त्या दुपारी मला किंचित सर्दी होती.

ताई


१५ ऑक्टोबर

किंचित नव्हती. उद्या सगळं लिहिते.


१६ ऑक्टोबर, सकाळपासून

टिल्लू,

आज चष्मा पुसून, टेबल आवरून, पेन्सिलींना टोकं काढून झालं. आता करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही.

तुला माहीत नसलेली माझी एक विद्या सांगते. प्रॉम्प्टरला खोकला चालत नाही. नायिका मरत असते, सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं असतं, आणि विंगेतून ‘खॉक्’ आला तर तिकिटं परत करायची वेळ येते. म्हणून आम्ही तो गिळायला शिकतो. जीभ टाळूला घट्ट लावायची, नाकाने अगदी बारीक श्वास घ्यायचा, बोटाचं नख अंगठ्यात रुतवायचं आणि मनात उलटे आकडे म्हणायचे. पेपरमिंटची गोळी गालात. मी तीन अंकी नाटकभर खोकला दाबून ठेवलाय. कंपनीत त्यासाठी माझं नाव होतं. नव्या मुलींना माझ्याकडे शिकायला पाठवत.

त्या दिवशी दुपारचा प्रयोग रद्द झाला होता. संध्याकाळच्या प्रयोगाला वेळ होता, म्हणून मी तुझ्याकडे आले. चार दिवसांपासून छाती भरलेली होती माझी. रात्री तापाने कढत झोपायचे. दारात तू उभी होतीस, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. म्हणालीस, ‘ताई, दोनच तास. दोन तास याला धर, मी मेल्यासारखी झोपते.’

मी तुला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मला माहीत होतं, मी सांगितलं तर तू त्याला माझ्याकडे देणार नाहीस. आणि मला तो हवा होता गं. मला मूल नाही, होणारही नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. ती छोटी छोटी आवळलेली मूठ. ‘मुठ्या’ हे नाव मीच ठेवलेलं. मला वाटलं, आपण खोकणारच नाही, मग काय होणार आहे? जे ऐकू येत नाही ते नसतंच, इतकी वर्षं त्याचीच तर भाकरी खाल्ली होती मी.

तू झोपलीस. मी त्याला खांद्यावर घेतलं. खिडकी उघडी होती, समोरच्या गच्चीवरच्या चादरी फडफडत होत्या, आणि वाऱ्याची झुळूक आली की माझ्या घशात सुरसुरायचं.

म्हणून मी खिडकी बंद केली.

आवाज होऊ नये म्हणून कडी बोटाने धरून बंद केली. पूर्ण दोन तास ती बंद होती, टिल्लू. तू उघडी ठेवलीस ती खिडकी मी बंद केली, स्वतःच्या खोकल्यासाठी. त्या बंद खोलीत त्याचं नाक माझ्या गळ्याशी होतं. मी एकदाही खोकले नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चोख प्रयोग होता. नाक मात्र वाहत होतं, ते मी हाताने पुसत होते, आणि त्याच हाताने त्याचे गाल पुसत होते.

चार वाजता मी खिडकी होती तशी परत उघडली. तू जागी झालीस, त्याला घेतलंस, म्हणालीस, ‘तुझे उपकार कसे फेडू?’ मी जिन्याच्या वळणावर गेले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकले. पाचव्या दिवशी त्याने दूध सोडलं. नवव्या दिवशी मॅनेजरकडे तो गेल्याची तार आली. मी तोवर दौऱ्यावर होते, पण परत यायला गाडी होती. दोन होत्या. मी स्टेशनवर जाऊन दोन्ही सोडल्या.

मग तुझ्या चार ओळी आल्या. माझंच चुकलं का, असं तू विचारत होतीस. ‘नाही, खिडकी बंद होती’ एवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं. माझी छाती झाली नाही. तुझ्या अंगावर ते ओझं राहिलं तर माझ्या अंगावर येणार नाही, असा हिशेब मी केला.

आता लेकीचं. तिला मी काही सांगितलेलं नाही, कारण मुठ्या तुझा होता आणि त्याची गोष्ट तुझी आहे. विंगेतला माणूस पूर्ण वाक्य कधी देत नाही. पहिला शब्द देतो, पुढचं नटाचं. मी तुला पहिला शब्द देते आहे: खिडकी बंद होती. पुढचं तू तिला सांग. माझ्यावर काय हवं ते घाल. ती मला दारात उभं करणार नाही, बाळ दाखवणार नाही, हे गृहीत धरूनच मी लिहितेय. पण तिला सुई घ्यायला सांग. एकतीस तारखेपर्यंत तू गप्प राहिलीस, तर एक तारखेला सकाळी मी स्वतः जाऊन सांगेन. मग तू मला चोर म्हण, हरकत नाही.

ताई


२९ ऑक्टोबर

टिल्लू,

तू मला उत्तर दिलं नाहीस, आणि तरी दिलंस.

आज सकाळी तुझी लेक माझ्या दाराशी आली. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, ‘केंद्रात जायचंय. चप्पल घाला.’ रस्त्यावर सकाळचं धुकं होतं, समोरून येणारी माणसं आधी आवाजाने यायची आणि मग दिसायची. ती पुढे, मी दोन पावलं मागे. मला वाटत होतं, आपण अशाच चालत राहिलो तर छत्तीस वर्षं मागे पोचू, आणि मी जिन्यावरूनच परत फिरेन.

केंद्रात बाकावर बसल्यावर म्हणाली, ‘परवा आईचा फोन आला. दीड तास. मला भाऊ होता, हे मला तेहतिसाव्या वर्षी कळलं.’ तिने पुढे सांगितलं, ‘मावशी, मला तुमचा राग आलाय. किती दिवस राहील ते मला माहीत नाही.’ मी म्हटलं, ‘राहू दे.’ मग तिचा नंबर पुकारला. तिने पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. टिल्लू, ती पर्स मी दोन्ही हातांनी अशी धरून बसले होते की नर्सबाईंना वाटलं, मलाच चक्कर येतेय.

बाहेर आली तेव्हा दंडावर कापसाचा बोळा. चालता चालता म्हणाली, ‘एक गंमत सांगू? आई फोनवर बोलत होती तेव्हा मागून रिक्षांचे, मुलांचे, कुत्र्याचे असे सगळे आवाज येत होते. मी विचारलं, तू बाहेर आहेस का? म्हणाली, नाही गं, घरातच आहे, खिडकीशी.’

घरी येऊन तुझं जुनं पत्र काढलं, चार ओळींचं. त्याच्याखाली आज तारीख घालून लिहिलं: नाही, तुझं चुकलं नव्हतं. ते सोबत पाठवते आहे. उशिरा पोचतंय.

ताई


१२ डिसेंबर, तुझ्या लेकीच्या दाराबाहेर

टिल्लू,

हे मी वरून तिसऱ्या पायरीवर बसून लिहितेय. हिरवा उजेड कागदावर पडलाय, म्हणून अक्षर वाकडं येतंय.

तू आलीस हे मला चष्म्याच्या दुकानात लेकीच्या जागी बसणाऱ्या पोरीने सांगितलं. गुडघ्यांना पट्टे बांधून, प्रत्येक मजल्यावर बसत बसत चढलीस म्हणे. बाळ वीस दिवसांचं झालं. काल लेकीचा निरोप आला, ‘आई म्हणते, या.’ एवढाच. मी रात्रीच साडी काढून ठेवली. सकाळी उठले आणि घशात सुरसुरलं.

खरं सांगते, माझा हात आपोआप पेपरमिंटच्या डबीकडे गेला. जीभ टाळूला लागली. या वयातही विद्या जशीच्या तशी आहे. मनात म्हटलं, थोडंसंच आहे, घरभर फिरताना कुणाला कळणार नाही. लेकीने सुई घेतली आहे, बाळाच्या अंगात आहे काय हवं ते. मी स्वतःला शंभर कारणं दिली. तिसरा मजला चढेपर्यंत तीच देत होते.

घंटी मी वाजवली. आतून तुझी पावलं आली, ती एक पाय जरा ओढत येणारी. बाळाचा आवाजही आला, मांजरीच्या पिलासारखा. मला बाळ इतकं पाहायचं होतं, की माझी बोटं दाराला चिकटली होती. तू कडी काढणार तेवढ्यात मी तोंडावर पदर धरला आणि खोकले. मुद्दाम. मोठ्याने. पोटातून, सगळा जिना दणाणेल असं. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. मग मी ओरडले, ‘टिल्लू, दार उघडू नको. मला खोकला झालाय.’

तू दार उघडलं नाहीस. बरं केलंस. आत बराच वेळ काही हललं नाही, आणि मला पुन्हा कळेना, हा विराम आहे की तू अडली आहेस. म्हणून हे लिहून दाराखालून सरकवते. बाळ कसं दिसतं ते मला कुणीतरी सांगा. नाही सांगितलंत तरी मी इथेच थोडी बसून जाईन. दम लागलाय, यावेळी खरं सांगते.

ताई


(त्याच कागदाच्या मागे, दुसऱ्या अक्षरात, दाराखालून परत आलेलं)

ताई,

माफ केलं असं लिहीत नाही. ते अजून झालेलं नाही.

तुझा खोकला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. भयंकर आहे. आधी छाती दाखवून ये.

बाळाचा डावा कान वर आहे. दोन्ही हात उघडे टाकून झोपतो, मूठ आवळत नाही. मी त्याला घेऊन खिडकीशी बसलेय, खिडकी उघडी आहे. तू खाली रस्त्यावर जा, लांब, समोरच्या फुटपाथवर उभी राहा आणि वर बघ. मी त्याला उचलून धरते.

बरी झालीस की ये. झाली नसलीस तर ते सांग.

टिल्लू